चुकारा आला की...



इंझोरीच्या आमच्या घरात बहिणीचे लग्न, माझी फी, दुकानातली उधारी, सगळ्याला एकच उत्तर असे : 'चुकारा आला की.' बाप संकलन केंद्रावर दोन दोन रात्री थंडीत बंडीखाली झोपायचा. ग्रेडर मूठभर कापूस पाहून प्रत ठरवायचा आणि हाती पडायची पावती. पैसा मागाहून, हप्त्याहप्त्याने. एका वर्षीचा चुकारा सरळ सावकाराकडेच गेला. लग्न पुढल्या हंगामावर ढकलले.

1972 साली एकाधिकार खरेदी आली ती आपल्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवायला. त्या हेतूवर मी आजही शंका घेत नाही. बापही तेव्हा खूश होता. पण राज्याच्या सीमेपलीकडे भाव जास्त असला तरी आपलाच कापूस तिकडे नेणे गुन्हा ठरला. ज्या कारंज्यात 1886 साली देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, त्याच मुलखातल्या कास्तकाराला गिऱ्हाईक उरले एकच. 2002 नंतर खाजगी व्यापारी आले. वाटले, सुटलो.

2022 साली कापूस दहा हजारांवर गेला आणि एप्रिलमध्ये आयात शुल्क उठले. 2025 ची गोष्ट तर ताजी आहे. मे महिन्यात लांब धाग्याला 8110 रुपये हमीभाव जाहीर झाला. तो आकडा धरून आपण पेरले. तेव्हा बाहेरच्या कापसावर 11 टक्के शुल्क होते. 19 ऑगस्टपासून ते शून्य झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीत! एकेकाळी आपला कापूस बाहेर जाऊ देत नव्हते, आता बाहेरचा नेमका आपल्या हंगामात आत घेतात.

गिरण्यांना स्वस्त कापूस हवा असतो, त्यात गैर काही नाही. आपलीही खुल्या बाजाराला ना नाही. पण ऑगस्टात बियाणे, खत, फवारणीचा पैसा मातीत गेलेला असतो. तेव्हा कापूस मोडून ज्वारी पेरता येत नाही, की निदान कडबा तरी घरात यावा.

म्हणून जिल्हा बैठकीत एकच ठराव मांडायचा आहे : पेरणीच्या वेळी जे शुल्क असेल, ते वेचणी संपून माल विकला जाईपर्यंत सरकारने वर किंवा खाली हलवू नये. बैठकीला येताना 2025 च्या हंगामातल्या विक्रीच्या पावत्या बरोबर आणा. हमीभावाच्या खाली किती गेले, ते तिथेच मांडू.