विश्लेषण : धरणाच्या तालुक्यातही जनरेटर का लागतो? घरासाठी, सोसायटीसाठी कोणता योग्य?

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचे आयटी पार्क आणि उंच इमारती आहेत, तर दुसऱ्या टोकाला ताम्हिणी घाटाचा मुसळधार पाऊस. दोन्हीकडे पावसाळ्यात एक प्रश्न हमखास पडतो. वीज गेली तर काय? त्यावर ‘जनरेटर घेऊन टाका’ हा सल्ला सहज मिळतो. पण किती क्षमतेचा, कोणत्या इंधनाचा आणि मुळात जनरेटरच हवा का, याचा हिशोब क्वचितच मांडला जातो.

मुळशीची वीज जाते कुठे?

मुळशी धरणाचे पाणी सह्याद्री ओलांडून कोकणातील भिरा येथे सोडले जाते. तेथील टाटांचे जलविद्युत केंद्र १९२७ पासून मुंबईला वीज पुरवत आले आहे. या धरणात गावे आणि भातखाचरे बुडणार म्हणून १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे नेते होते. तालुक्याला मात्र महावितरणच्या वाहिन्यांतूनच वीज मिळते. पश्चिमेकडील गावांत या वाहिन्या डोंगर-जंगलातून जातात. फांदी पडली, खांब वाकला की दोष शोधण्यातच वेळ जातो. ताम्हिणीत २४ तासांत ५०० मिमीहून अधिक पाऊस पडल्याची नोंद जुलै २०२४ मधील आहे. अशा पावसात दुरुस्ती पथकालाही पोहोचणे कठीण होते.

हिंजवडीत काय घडले?

६ जुलै २०२५ रोजी महापारेषणच्या २२० केव्ही भूमिगत वाहिनीत बिघाड झाला आणि हिंजवडी परिसरातील हजारो ग्राहक अंधारात गेले. तास-दोन तासांच्या खंडितपणासाठी घेतलेले जनरेटर तेव्हा प्रदीर्घ काळ चालवावे लागले. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न ‘किती केव्हीए’ हा नसून ‘किती वेळ’ हा आहे. २० मिनिटे, चार तास आणि दोन दिवस या तीन गरजांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

घरासाठी हिशोब कसा करायचा?

सहा एलईडी दिवे (६० वॅट), तीन पंखे (सुमारे २१० वॅट), टीव्ही (१०० वॅट), राउटर (१० वॅट) आणि फ्रिज (सुमारे २०० वॅट) मिळून भार होतो ५८० वॅट. १५० एएच क्षमतेच्या एका बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज मावते, प्रत्यक्षात हाती लागते साधारण सव्वा युनिट. म्हणजे सगळे एकदम चालवल्यास दोन तास आणि फक्त दिवे-पंखे चालवल्यास चार-साडेचार तास. बहुतेक कुटुंबांसाठी इन्व्हर्टरच पुरेसा ठरतो. त्याला आवाज नाही, धूर नाही आणि वीज गेल्याक्षणी तो आपोआप सुरू होतो.

गणित बिघडते ते पाण्याच्या मोटारीने. एक एचपीची मोटार चालताना सुमारे एक किलोवॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या तीन ते पाच पट ओढते. तेवढ्यासाठी पाच केव्हीएच्या आसपासचा जनरेटर घ्यावा लागतो. त्याऐवजी गच्चीवर मोठी टाकी बसवून वीज असताना ती भरून ठेवली, तर मोटार हिशोबातून बाहेर जाते आणि निम्म्याहून कमी क्षमतेत काम भागते.

केव्हीए आणि किलोवॅट यांत फरक काय?

जनरेटरवर क्षमता केव्हीएमध्ये लिहिलेली असते आणि उपकरणांवर वॅटमध्ये. डिझेल संचांसाठी केव्हीएला साधारण ०.८ ने गुणले की किलोवॅट मिळतात. ६२.५ केव्हीएचा संच म्हणजे ५० किलोवॅट. वाढीव गरजेसाठी थोडी जागा ठेवणे ठीक, पण ‘असू दे मोठाच’ ही चूक महाग पडते. डिझेल इंजिन सतत ३० टक्क्यांहून कमी भारावर चालले तर इंधन पूर्ण जळत नाही, धुराड्यात काजळी साचते आणि देखभाल वाढते.

पेट्रोल की डिझेल?

शेतघर, छोटे दुकान किंवा अधूनमधून तासभर वापर असेल, तर दोन-तीन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर हलका आणि स्वस्त पडतो. पण त्यातून मिळणारे युनिट साठ रुपयांच्या पुढेमागे जाते. शिवाय महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल खराब होऊन कार्ब्युरेटर चोंदतो. मोठ्या डिझेल संचात एका लिटरमध्ये साधारण तीन ते साडेतीन युनिट मिळतात. डिझेल ९० रुपयांच्या आसपास धरल्यास केवळ इंधनाचा खर्च युनिटमागे २५ ते ३० रुपये होतो.

सोसायट्यांनी काय पाहावे?

६२.५ केव्हीएचा संच निम्म्या भारावर दिवसभर चालला तर सुमारे १८० लिटर डिझेल लागते, म्हणजे दिवसाला १६ हजारांहून अधिक रुपये. लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे यांचा भार आधी प्रत्यक्ष मोजून घ्यावा. सगळे पंप एकाच वेळी सुरू होणार नाहीत अशी व्यवस्था केली, तर लहान संचात भागते. दीर्घ खंडितपणात डिझेल कोण आणि किती वेळात पुरवणार, हेही आधीच ठरलेले असावे.

नवीन संच घेताना उत्सर्जनाचे नियम पाहणे आवश्यक आहे. ८०० किलोवॅटपर्यंतच्या संचांसाठी ‘सीपीसीबी चार प्लस’ हे कठोर निकष जुलै २०२३ पासून आले आणि जुना साठा विकण्यासाठी २०२४ च्या मध्यापर्यंत मुदत मिळाली. त्यामुळे संच स्वच्छ झाले, तसे महागही. आवाजासाठी एक हजार केव्हीएपर्यंतच्या डिझेल संचांना एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा आहे.

छतावर सौर पॅनेल असले तर?

इथे अनेकांचा गैरसमज होतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये मिळतात. पण ग्रिडला जोडलेला साधा संच वीज जाताच स्वतःहून बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ही सोय असते. खंडित काळातही सौर वीज हवी असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

सुरक्षेचे काय?

जनरेटर कधीही घरात, बंद गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली चालवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. जनरेटरची वायर थेट घरातील सॉकेटमध्ये खोचणेही तितकेच घातक. ती वीज उलट वाहिनीत जाते, रोहित्रातून तिचा दाब वाढतो आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतते. म्हणून चेंजओव्हर स्विच हवाच आणि तो परवानाधारक ठेकेदाराकडूनच बसवून घ्यावा. जनरेटर कितीही लहान असला तरी खरेदीच्या अंदाजपत्रकात या स्विचचा खर्च आधी धरावा.