यंत्रे आपली, खंड कोणाला?

संगणक केंद्र चालविणाऱ्यांच्या लेखी नवा होस्ट जोडणे हे नित्याचे किरकोळ काम आहे. परंतु या कामात मालकीचा प्रश्न दडलेला आहे. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनी तरी तो केवळ तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होता कामा नये.

एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालविणाऱ्या प्रणालीला हायपरव्हायजर म्हणतात. असे अनेक होस्ट एकाच ठिकाणाहून हाताळण्यासाठी क्लाउडस्टॅकसारखी व्यवस्थापन प्रणाली असते. सिट्रिक्स कंपनीने २०१२ साली ती अपॅची फाउंडेशनच्या हवाली केली. आज ती कोणा एका कंपनीची मत्ता नाही. तिच्यात होस्टांचा क्लस्टर, क्लस्टरांचा पॉड आणि पॉडांचा झोन होतो. एका क्लस्टरमधील सर्व होस्टांवर हायपरव्हायजर एकच लागतो. मात्र एकाच झोनमध्ये निरनिराळ्या हायपरव्हायजरांचे क्लस्टर शेजारी शेजारी नांदू शकतात.

व्हीएमवेअरचा क्लस्टर आधी त्याच कंपनीच्या व्हीसेंटरमध्ये उभारावा लागतो, आणि मगच तो क्लाउडस्टॅकला जोडता येतो. केव्हीएम २००७ पासून लिनक्सचाच भाग आहे. तेथे असा मध्यस्थ नाही. रिकाम्या होस्टवर क्लाउडस्टॅकचा एजंट बसवून तो थेट जोडता येतो. मध्यस्थावर विसंबण्याची किंमत २०२३ च्या अखेरीस कळून आली. नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबविली. जुन्या परवान्यांच्या देखभालीचे नूतनीकरणही बंद झाले. उरली ती वर्गणी. यंत्रे ग्राहकांच्या मालकीची, पण ती चालवायची तर खंड दुसऱ्याला भरायचा, अशी ही कुळाची अवस्था आहे.

खुली प्रणाली फुकट मिळते म्हणून ती फुकट चालते, असा भ्रम मात्र कोणी बाळगू नये. तिला जाणती माणसे लागतात. परवान्यांवर वाचलेला पैसा स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या शिक्षणावर खर्च झाला नाही, तर एका कंपनीच्या जागी दुसरा कंत्राटदार येऊन बसेल, एवढाच काय तो फरक पडेल.

म्हणून एका रात्रीत सारे उलथून टाकण्याची गरज नाही. पुढच्या खरेदीत जुन्या क्लस्टरशेजारी केव्हीएमचा एक क्लस्टर उभारावा आणि कमी जोखमीची यंत्रे आधी तेथे न्यावीत. क्लाउडस्टॅकच्या २०२४ मधील ४.१९ या आवृत्तीत व्हीएमवेअरवरील यंत्रे केव्हीएमवर आणण्याची सोय झाली आहे. दुसरी वाट तयार असलेल्या ग्राहकालाच भावाविषयी बोलता येते. ज्याला ती नाही, त्याला मागेल ती रक्कम मुकाट्याने मोजावी लागते.