नदीपलीकडचा हिवाळा



या वर्षीच्या अंकाचा विषय ‘गादी बदलते तेव्हा’ असा ठरवला, तेव्हा संपादकीयात कुणाची कथा सांगायची हे मनात आधीच पक्के होते. ती आपल्याकडची नाही. ती आजच्या इस्तंबूलची, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीची, जुन्या कॉन्स्टॅन्टिनोपलची आहे, आणि तिला चौदाशे वर्षे उलटून गेली आहेत. तरीही तीच निवडली, कारण एक साधा लष्करी अंमलदार सम्राट कसा झाला हे तिच्यात पायरी पायरीने दिसते. अशा घटना इतक्या स्वच्छ दिसणे इतिहासात दुर्मिळ आहे.

त्या माणसाचे नाव फोकास. इ.स. ६०२ च्या शरद ऋतूत तो डॅन्यूब नदीवरच्या रोमन सैन्यात होता आणि त्याचा हुद्दा शंभर माणसांवरच्या नायकाचा होता. घराणे नाही, जहागीर नाही, दरबारात ओळख नाही. सांगतात की काही वर्षांपूर्वी सैन्याची गाऱ्हाणी घेऊन राजधानीला गेलेल्या मंडळींत तो होता आणि तिथे एका सरदाराने त्याची दाढी ओढून अपमान केला होता. नोव्हेंबर संपण्याच्या आत हाच माणूस सम्राट झाला.

हे घडले कसे, ते समजून घ्यायचे तर आधी ज्याची गादी गेली त्याच्याकडे पाहावे लागते. सम्राट मॉरिस दुष्ट नव्हता, नालायक तर मुळीच नव्हता. तो स्वतः सेनापती होता. ५८२ मध्ये आधीच्या सम्राटाने आपली मुलगी कॉन्स्टान्टिना त्याला देऊन गादीही त्याच्या हाती सोपवली. इराणशी वर्षानुवर्षे चाललेले युद्ध त्याने ५९१ मध्ये संपवले आणि तेही फार मोठ्या शहाणपणाने. इराणचा तरुण शहा खुस्रो दुसरा याला त्याच्याच एका सेनापतीने, बहराम चोबीनने, पळवून लावले होते. खुस्रो मॉरिसच्या आश्रयाला आला. मॉरिसने त्याला सैन्य दिले, गादीवर परत बसवले आणि बदल्यात सीमेवरची ठाणी व आर्मेनियाचा मोठा भाग मिळवला. युद्धशास्त्रावरचा एक नामांकित ग्रंथ परंपरेने त्याच्याच नावावर आहे.

पण खजिना रिकामा होता. पूर्वीचा सम्राट जस्टिनियन याने इटली आणि आफ्रिका जिंकून साम्राज्य ताणून ठेवले होते. त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागली. मॉरिसने ती सैनिकांच्या पगारातून वसूल करायचे ठरवले. ५८८ मध्ये त्याने पगारात चौथाई कपात केली. पूर्वेकडच्या छावणीत दंगा झाला. सेनापती प्रिस्कसने सैनिकांना शांत करण्यासाठी ख्रिस्ताची पवित्र मानली जाणारी प्रतिमा त्यांच्यासमोर धरली, तर त्यांनी त्या प्रतिमेवरही दगड मारले. देवभीरू माणसांचे सैन्य होते ते. त्यांच्या हातून असे घडले, याचा अर्थ राजधानीत कुणीतरी लावायला हवा होता.

पाच वर्षांनी डॅन्यूबवरच्या सैन्याला हुकूम गेला की हिवाळा नदीपलीकडे, स्लाव टोळ्यांच्या मुलखात काढा. यामागे हिशेब असा की सैन्य शत्रूच्या धान्यावर जगेल आणि सरकारी कोठारे वाचतील. शिवाय पाने गळलेल्या रानात टोळ्यांना लपायला जागा उरत नाही, म्हणजे युद्धाच्या दृष्टीनेही विचार चुकीचा नव्हता. पण थंडीत घोडे मरतात, माणसे गारठतात, आणि घरची वाट पाहणारी बायकामुले नदीच्या अलीकडे असतात. तेव्हा सैनिकांनी नकार दिला आणि आता तिथे सेनापती असलेल्या प्रिस्कसने कसेबसे निभावून नेले.

त्यानंतर आली बंदिवानांची गोष्ट. आवार टोळ्यांच्या राजाकडे, म्हणजे खाकानाकडे, बारा हजार रोमन कैदी होते. खाकानाने माणशी एक सोन्याचे नाणे मागितले, मग अर्धे, मग त्याहूनही कमी. मॉरिसने दिले नाही. खाकानाने सगळे कैदी कापून काढले. इतिवृत्तकार हे सांगतात आणि पुढच्या सगळ्याचे मूळ इथेच दाखवतात. मला या प्रसंगात सर्वांत अस्वस्थ करते ती घसरत गेलेली किंमत. सौदा पुन्हा पुन्हा समोर आला आणि पुन्हा पुन्हा नाकारला गेला. बारा हजार घरांत, छावण्यांत, गावांत ती बातमी कशी पोचली असेल? सैनिक म्हणून उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्या दिवशी आपली किंमत कळली.

आणि ६०२ मध्ये तोच हुकूम पुन्हा निघाला. हिवाळा नदीपलीकडे. या वेळी सेनापती होता सम्राटाचा सख्खा भाऊ पीटर. लोक ऐकत नाहीत हे त्याला दिसत होते, पण भावाची पत्रे थांबत नव्हती. शेवटी सैनिकांनी फोकासला ढालीवर उभे करून खांद्यावर घेतले. पीटर पळाला.

इथे एक बाब नीट पाहायला हवी, कारण ती सहसा निसटते. ढालीवर उचलला तेव्हा फोकास सैन्याचा पुढारी होता, सम्राट नव्हता. सैनिकांनी राजधानीला कळवले की आम्हाला मॉरिस नको, त्याचा मुलगा थिओडोसियस चालेल, नाहीतर थिओडोसियसचा सासरा जर्मेनस. म्हणजे राजघराणे बुडवायचा त्यांचा विचार नव्हता. मॉरिसला मात्र संशयाने घेरले. जर्मेनस फितूर आहे असे समजून त्याने त्याच्यावर माणसे सोडली. जर्मेनस हागिया सोफिया चर्चच्या आश्रयाला गेला आणि शहर पेटले. शर्यतीच्या मैदानात रथांच्या संघांवरून पडलेले हिरवे आणि निळे असे दोन पक्ष शहरात होते. तटाच्या रक्षणासाठी याद्या केल्या तेव्हा हिरव्यांकडे पंधराशे आणि निळ्यांकडे नऊशे माणसे भरली. जर्मेनसने हिरव्यांकडे पाठिंबा मागितला. तो निळ्यांचा माणूस, त्याचा भरवसा काय, म्हणून हिरव्यांनी त्याला नाकारले आणि ते शहराबाहेर जाऊन फोकासला भेटले.

साम्राज्याचे भवितव्य त्या क्षणी शर्यतीच्या मैदानावरच्या वैराने ठरवले.

२२ नोव्हेंबरच्या रात्री मॉरिस बायकामुलांसह होडीतून निघाला. वादळ होते, आणि त्याला संधिवाताने जखडले होते. दुसऱ्या दिवशी तटाबाहेरच्या हेब्डोमन येथे, योहान बाप्तिस्त्याच्या चर्चमध्ये, धर्मगुरू सिरियाकसने फोकासच्या डोक्यावर मुकुट ठेवला. २५ तारखेला तो पांढऱ्या घोड्यांच्या रथातून सोने उधळत शहरात शिरला. मग त्याची बायको लिओन्टिया हिच्या राज्याभिषेकाची मिरवणूक निघाली. तिथे कोण कुठे उभा राहणार यावरून हिरव्या-निळ्यांत भांडण जुंपले आणि निळ्यांनी नव्या सम्राटाला ऐकू जाईल असे ओरडून बजावले की मॉरिस अजून जिवंत आहे. दोन दिवसांनी, २७ तारखेला, चाल्सेडनच्या बंदरावर मॉरिसच्या पाच मुलांना त्याच्या डोळ्यांदेखत मारले आणि मग त्याला. एका दाईने राजपुत्राच्या जागी आपले मूल पुढे केले आणि मॉरिसनेच ते होऊ दिले नाही, असे इतिहासकार लिहितो. पैशाच्या बाबतीत हात आखडता घेणारा हा माणूस त्या घडीला केवढा मोठा झाला!

कॉन्स्टॅन्टिनोपल राजधानी झाल्यापासून पावणेतीनशे वर्षे होत आली होती. तिथल्या गादीवरच्या सम्राटाला बंडखोरांनी ठार करण्याची ही पहिली वेळ. वारसाचा लेखी कायदा या साम्राज्यात कधीच नव्हता. सैन्याचा जयघोष, सरदारांची संमती, लोकांची आरोळी आणि धर्मगुरूच्या हातचा मुकुट, एवढ्यावर सम्राट उभा राही. हे सगळे फोकासला चार दिवसांत मिळाले. म्हणजे रीतीप्रमाणे पाहिले तर त्याच्या राज्याभिषेकात काहीच उणे नव्हते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. खुस्रोने उपकारकर्त्याच्या खुनाचा सूड म्हणून ६०३ मध्ये युद्ध पुकारले आणि आपल्याकडे खरा थिओडोसियस असल्याचा दावा करून एक तोतया उभा केला. इराण्यांना धाक असलेला सेनापती नार्सेस फोकासविरुद्ध उठला. अभय देऊन बोलावल्यावर त्याला जिवंत जाळले. कॉन्स्टान्टिना आणि तिच्या मुलींना मारले. शर्यतीच्या मैदानात जावई प्रिस्कसचे आणि मुलीचे चित्र सम्राटाच्या चित्राशेजारी लागले, तेवढ्यानेही फोकास बिथरला. ६०८ मध्ये आफ्रिकेचा सुभेदार कार्थेजमध्ये उठला आणि त्याचा मुलगा हेराक्लियस ऑक्टोबर ६१० मध्ये आरमार घेऊन राजधानीसमोर आला. पकडून आणलेल्या फोकासला त्याने विचारले की राज्य असे चालवलेस काय? तू काय ते अधिक चांगले चालवशील, असे उत्तर त्याने दिल्याची नोंद आहे. त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद झाला.

आता ज्यासाठी ही कथा मांडली त्याकडे येतो. फोकासबद्दल आपल्याला माहीत आहे ते कुणी लिहिले? या बंडाची सविस्तर हकीकत देणारा थिओफिलॅक्ट सिमोकाट्टा हेराक्लियसच्या काळात, त्याच्या छत्राखाली लिहीत होता. हेराक्लियस हाही सैन्याच्या बळावर गादी घेतलेलाच. त्याला शोभा यायची तर आधीचा माणूस पशू ठरणे आवश्यक होते, आणि थिओफिलॅक्टने तो तसा ठरवला. उलट बाजूला रोमच्या जुन्या चौकात फोकासचा स्तंभ आजही उभा आहे. ६०८ च्या १ ऑगस्टला इटलीच्या सुभेदाराने तो त्याला अर्पण केला आणि वर सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा बसवला. खालच्या लेखात तो अत्यंत दयाळू सम्राट आहे. पुढे त्या लेखातले त्याचे नाव खरवडून टाकण्यात आले. पोप ग्रेगरी हा मॉरिसच्या थोरल्या मुलाचा धर्मपिता होता. त्यानेही फोकासला आनंद व्यक्त करणारे अभिनंदनाचे पत्र पाठवले. रोमला लाँबार्ड टोळ्यांचा धोका होता आणि सम्राटाची मर्जी हवी होती, हे मी समजू शकतो. तरी ते पत्र वाचवत नाही.

स्तुती दरबारातून आली, निंदाही दरबारातूनच आली. आणि दोन्हींनी मिळून एक मोठे काम केले. कारण त्यांनी सगळे लक्ष एका चेहऱ्यावर खिळवले. फोकास राक्षस होता एवढे म्हटले की पगाराची चौथाई कुणी कापली, बारा हजार माणसे कुणाच्या हिशेबात बसली नाहीत, एकदा फसलेला हुकूम दुसऱ्यांदा का निघाला, हे विचारण्याची गरज उरत नाही. फोकास क्रूर होता यात मला शंका नाही. त्याने राज्य बुडवले यातही नाही. पण त्याला ढालीवर उचलणारे हात थंडीने काकडलेल्या, पगार कापलेल्या माणसांचे होते, आणि त्या माणसांचे म्हणणे एकाही स्तंभावर कोरलेले नाही.

हे केवळ तिकडचे नाही. हेराक्लियस गादीवर आला त्याच सुमारास, ६१० च्या आसपास, बदामीच्या चालुक्यांत दुसऱ्या पुलकेशीने चुलता मंगलेश याच्याशी लढून राज्य घेतले. त्यात मंगलेश मारला गेला. ही हकीकत कळते ती ऐहोळेच्या शके ५५६ च्या शिलालेखातून, आणि तो लिहिला पुलकेशीच्याच दरबारातल्या रविकीर्तीने. नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख असलेला तो लेख आपल्या इतिहासाचे मोठे धन आहे. पण मंगलेशाची बाजू त्यात नाही, आणि ती आता कुठूनही मिळणार नाही.

तिकडे हेराक्लियसने खुस्रोला हरवले, ६२८ मध्ये युद्ध संपले. तोवर जेरुसलेम, सिरिया, इजिप्त इराण्यांनी घेऊन परत सोडले होते आणि दोन्ही साम्राज्ये रक्त सांडून खचली होती. ६३६ मध्ये यार्मुकच्या काठी अरबांनी रोमन सैन्य मोडले. ढाल मात्र विसरली गेली नाही. ६९५ ते ७१७ या बावीस वर्षांत कॉन्स्टॅन्टिनोपलची गादी सात वेळा हिसकावून घेतली गेली. १०८१ मध्ये आलेक्सिओस कोम्नेनोसच्या सैन्याने राजधानी लुटून त्याला सम्राट केले. त्याने चाळीस दिवस प्रायश्चित्त घेतले आणि तो सदतीस वर्षे टिकला. त्याची कीर्ती लिहिली त्याच्या मुलीने, आना कोम्नेनीने.

या अंकासाठी लेखकांना आम्ही एकच विनंती केली होती. गादी घेणाऱ्याविषयी जरूर लिहा, पण तो यायच्या आधीच्या दहा वर्षांविषयी अधिक लिहा. कुणाचे वेतन थांबले होते, कुणाचा अर्ज पडून होता, कुणाला दारातून परत पाठवले होते, ते शोधा. बहुतेकांनी ती मनापासून पाळली, आणि काहींनी त्यासाठी ठरलेल्या मुदतीपलीकडे खपून जुने कागद पुन्हा चाळले. 

तुमच्या घरात, गावात, कारखान्यात, संस्थेत अशा आधीच्या दहा वर्षांच्या आठवणी कुणाकडे असतील तर त्या लिहून आमच्याकडे पाठवा. मोठ्या माणसांच्या नकोत; ज्यांना कुणी विचारले नाही त्यांच्या हव्यात. पुढच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवली आहे.



– संपादक