कानातले रातकिडे आणि चक्करवरची गोळी

पिंपळवंडी असो की नारायणगाव, घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधांची पिशवी एकदा उघडून पाहा. तिच्यात ‘व्हर्टिन’ असे नाव लिहिलेली स्ट्रिप असू शकेल. आतले औषध बीटाहिस्टिन. चक्कर आली की ही गोळी, आणि कानात रातकिडे ओरडू लागले तरी हीच! महिनोन् महिने रोजगाराचे पैसे तिच्यावर जातात. तेव्हा गुण किती, हे विचारायलाच हवे.

कानातल्या आवाजापुरते उत्तर सरळ आहे. कोक्रेन या जागतिक संस्थेने २०१८ साली पाच चाचण्या एकत्र तपासल्या. रुग्ण सुमारे ३००. गोळी घेणाऱ्यांचा त्रास इतरांपेक्षा जास्त कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मळणीयंत्र, पिठाची गिरणी, ढोल-ताशा यांच्या आवाजाने कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोळी त्या कुठून आणणार? मात्र कधी नुसता मळ साचलेला असतो, तो काढला की आवाज थांबतो. म्हणून आधी कान तपासून घ्या. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राचा उपयोग होऊ शकतो.

चक्करचे प्रकरण वेगळे. काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला, पण पुरावा कच्चा. मेनियर या कानाच्या विकारात चक्करचे झटके येतात. त्यावर जर्मनीत २२१ रुग्णांना नऊ महिने कमी मात्रा, जास्त मात्रा किंवा औषध नसलेली गोळी दिली. २०१६ साली निकाल छापून आला: तिन्ही गटांत झटके सारखेच कमी झाले होते! “मला तर गोळीने बरे वाटले” असे म्हणणारा खोटे बोलत नाही. पण हे झटके पुष्कळदा आपोआपही ओसरतात.

कूस बदलताना किंवा फडताळावरचा डबा काढायला वर पाहताना क्षणभर घर गरगरते का? मग बहुधा कानाच्या आतले क्षाराचे बारीक कण जागचे हललेले असतात. डॉक्टर रुग्णाला खाटेवर निजवून, मान ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत बसवतात. अमेरिकेतल्या डॉ. एप्ली यांनी ही रीत १९९२ साली मांडली. काम काही मिनिटांचे, औषध लागत नाही. पुण्याच्या ससूनमध्ये कान-नाक-घसा विभाग आहे, तिथे विचारा.

चालू गोळी डॉक्टरांशी बोलूनच बंद करा. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर तेही सांगा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. चक्करबरोबर बोबडी वळली, हात-पाय लुळा पडला, तर गोळी शोधत बसू नका. १०८ ला फोन करा.