केमिस्ट्रीचा पेपर आणि फाटकाशी जुळवलेली उत्तरं

सांगलीकडच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. लिहितात, ‘मुलगी बारावी सायन्सला. केमिस्ट्रीचा पेपर देऊन हसत बाहेर आली. फाटकाशी मैत्रिणींनी उत्तरं जुळवली आणि घरी येईपर्यंत चेहरा उतरला. चार उदाहरणं चुकली म्हणते. रात्री जेवली नाही. परवा बायॉलॉजी आहे, पुस्तकाला हात लावलेला नाही. ह्यांचं म्हणणं, उत्तरं पडताळायलाच हवीत, नाहीतर चूक कळणार कशी? सासूबाई म्हणतात, त्या मैत्रिणींशी बोलणंच बंद कर. मी कुणाचं ऐकू?’

ताई, दोघांचंही थोडं थोडं ऐका, पण आज नको. आज मुलीला जेवू घाला.

फाटकाशी जुळवलेली उत्तरं कितपत खरी असतात, ते आधी पाहू. समजा, प्रश्न आला की एका प्रक्रियेचं हाफ-लाइफ २० मिनिटं आहे, तर रेट कॉन्स्टंट काढा. ०.६९३ ला २० ने भागलं की ०.०३४६५ येतं. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. तेव्हा एकीने ०.०३४६ लिहिलं, दुसरीने ०.०३४७, तिसरीने मिनिटांचे सेकंद करून ०.०००५७७५ लिहिलं. तीन मुली, तीन उत्तरं आणि फाटकाशी रडारड. प्रश्नात ठरावीक एकक मागितलेलं नसेल आणि मुलींनी आपापलं एकक नीट लिहिलं असेल, तर तिन्ही बरोबरच! आपण नाही का, कुणी पाव किलो रवा म्हणतं, कुणी अडीचशे ग्रॅम. शिरा तोच होतो.

नावांचंही तेच. एकीने ॲसिटोन म्हटलं, दुसरीने प्रोपॅनोन. पदार्थ एकच, पुष्कळदा नेलपॉलिश काढायच्या बाटलीत असतो तो. शिवाय या पेपरात दोन आणि तीन गुणांच्या प्रश्नांपैकी प्रत्येकी आठच सोडवायचे असतात, चार गुणांचे तीनच. म्हणजे मैत्रिणीने सोडवलेला प्रश्न आपल्या मुलीने मुळी घेतलेलाही नसेल. आणि उत्तर खरंच चुकलं असेल, तरी सूत्र आणि त्यात घातलेल्या किमती बरोबर असल्या तर त्यांचे गुण मिळतात. सगळा प्रश्न पाण्यात जात नाही. लेखी परीक्षा ७० गुणांची, प्रात्यक्षिकाचे ३० वेगळे, हेही लक्षात असू द्या.

सीईटीची तऱ्हा आणखी निराळी. ती संगणकावर, वेगवेगळ्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. सकाळी पेपर दिलेल्या मुलाने दुपारच्या मुलाशी केमिस्ट्रीचे ५० प्रश्न जुळवण्यात काय अर्थ? तिथे गुण पर्सेंटाइलने लागतात. पेपर अवघड गेला तर तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. चुकलेल्या उत्तराला गुणही कापत नाहीत. नीटमध्ये मात्र कापतात. बरोबर उत्तराला चार आणि चुकलं तर वजा एक, म्हणून त्या मुलांचा जीव जास्त टांगलेला असतो. पण तिथेही प्रश्नपत्रिकांचे कोड वेगळे, प्रश्नांचा क्रम वेगळा. ‘सतराव्याचं काय लिहिलंस?’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

आणि उत्तराची खात्री मोठ्यांना तरी कुठे असते? २०२४ च्या नीटमध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं परीक्षा घेणाऱ्यांनीच बरोबर धरली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दिल्लीच्या आयआयटीतल्या तीन तज्ज्ञांनी पाहिलं, तेव्हा जुलैमध्ये एकच उत्तर बरोबर ठरलं. जिथे तज्ज्ञ बसवावे लागले, तिथे फाटकाशी पाच मिनिटांत निकाल कसा लागेल?

म्हणून ह्यांना सांगा, पडताळणी करायचीच आहे, पण तिच्या वेळी. सीईटी आणि नीटची उत्तरतालिका नंतर अधिकृतपणे जाहीर होते, मुलांनी नोंदवलेली उत्तरंही दाखवतात. तेव्हा पेन्सिल घेऊन मुलीबरोबर शांतपणे बसा. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर मुदतीत शुल्क भरून हरकत घेता येते. ती मुदत मोजक्या दिवसांची असते, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. बोर्डाच्या पेपरला निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. हे काम वडिलांकडे सोपवलंत तर त्यांचाही जीव रमेल.

सासूबाईंचंही अगदीच चूक नाही, पण मैत्रिणी तोडू नका. पेपर संपला की मुलींना बोलल्याशिवाय राहवत नाही, ते साहजिक आहे. ‘पुढचा पेपर होईपर्यंत उत्तरांचं बोलायचं नाही’ एवढंच मुलीने मैत्रिणींना सांगावं. बऱ्याच जणींना सुटल्यासारखं वाटेल, बघा.

घरात तुम्हीही ‘किती मिळतील?’ हे विचारू नका. दाराशी ‘आलीस? हातपाय धू, गरम वरणभात आहे’ एवढंच म्हणा. प्रश्नपत्रिका फाइलीत घालून कपाटात ठेवून द्या. तिला रडायचं असेल तर रडू द्या, ‘त्यात काय एवढं’ असं म्हणून तोंड बंद करू नका. मग तासभर झोप आणि उठल्यावर बायॉलॉजीचा एखादा सोपा धडा. पहिलं पान उलटलं की पुढचं आपोआप होतं.

मात्र एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. मुलगी दोन-तीन दिवस जेवत नसेल, झोपत नसेल, ‘आता काही अर्थ नाही’, ‘मी नकोच’ असं बोलत असेल, तर तिला एकटी सोडू नका. समजूत घालण्याआधी तिचं पुरतं ऐकून घ्या. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी फोन चोवीस तास मोफत असतो, तिथे मराठीतही बोलता येतं. आईनेही लावायला हरकत नाही. डॉक्टरांनाही दाखवा, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून थांबू नका.

मार्क कमी पडले तर पुरवणी परीक्षा आहे, पुढच्या वर्षीची सीईटी आहे, दुसरे अभ्यासक्रम आहेत. त्यांचा विचार निकालानंतर सगळ्यांनी मिळून करू. परवा फक्त बायॉलॉजी आहे, आणि त्या पेपराला मुलगी झोप होऊन, पोटभर जेवून गेली पाहिजे.