कुत्रा परतफेड करत नाही

कुत्रा इमानी असतो, याबद्दल वाद नाही. तो उदारही असतो का, हे मात्र तपासून पाहावे लागते. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने ते तपासले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका प्रयोगात दोन कुत्री जाळीच्या शेजारशेजारच्या कप्प्यांत ठेवली होती. एकाने तबक ओढले की खाऊ दुसऱ्याला मिळे, ओढणारा कोरडाच. ओळखीच्या कुत्र्यासाठी तबक जास्त वेळा ओढले गेले, परक्यासाठी कमी. पुढच्या वर्षी पलीकडे माणूस बसवला, तेव्हा तो मालक असो की अनोळखी, कुत्र्याच्या वागण्यात फरक दिसला नाही.

२०२१चा प्रयोग तर मालकांच्या जिव्हारी लागावा असा आहे. एक माणूस बटण दाबून कुत्र्याला खाऊ देई, दुसरा देत नसे. मग बटण कुत्र्याच्या ताब्यात आले. देणाऱ्यासाठी त्याने ते अधिक वेळा दाबले नाही. माणसाला खाऊ घालायचा असतो, हे कुत्र्याच्या अनुभवातच नसल्याने कदाचित असे झाले असावे. काही असो, खाल्ल्या बिस्किटाची परतफेड झाली नाही.

हिशेब कुत्र्याला अजिबात कळत नाही, असेही नाही. त्याच शहरात २००८ साली कुत्र्यांकडून वारंवार पंजा मागितला गेला. शेजारच्याला बक्षीस आणि आपल्याला काहीच नाही, हे पाहिल्यावर वंचित कुत्रा पंजा द्यायला लवकर कंटाळला. मात्र एकाला सॉसेज आणि दुसऱ्याला पाव मिळाला, तर त्याची तक्रार नव्हती. आपल्या पानात काही पडले म्हणजे पुरे, शेजारच्या पानात काय आहे याची पंचाईत नाही. लग्नाच्या पंगतीतल्या माणसांबद्दल असे सांगता येणार नाही.

रस्त्यावरच्या भारतीय कुत्र्यांचा अभ्यास कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी करतात. पिले वाढू लागली की आई बिस्किटासारख्या हलक्या अन्नावर फारशी झगडत नाही. मांस दिसले की तिची पिलांशीच चढाओढ होते. तिलाही स्वस्त ते सहज देता येते.

तेव्हा औदार्याचा धडा कुत्र्याच्या वागण्यातून मिळत नाही. तो मालकाला स्वतःच्या देण्यातून गिरवावा लागतो, आणि देण्याचा आनंद म्हणजे औदार्य नव्हे, हा त्यातला अवघड भाग. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, चॉकलेटमधले थिओब्रोमिन त्याला सहज पचत नाही, द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडांवर उठतात. शिऱ्याचा घास मागणाऱ्या डोळ्यांपुढे वाटी मागे घेणे हे लाडापेक्षा मोठे देणे आहे. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा सांगतात. त्यांचे लक्ष भाकरी गेल्याकडे नव्हते, ती कोरडी राहिल्याकडे होते.

मालक अगदी निःस्वार्थी असतो असेही समजू नये. जपानच्या अझाबू विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली दाखवले की कुत्रा आपल्याकडे बराच वेळ टक लावून पाहतो, तेव्हा मालकाच्या शरीरातले ऑक्सिटोसिन वाढते. जिव्हाळ्याशी जोडलेले हे संप्रेरक म्हणजे एक प्रकारची पावतीच. ती लसीकरणाच्या खर्चाच्या दिवशीही मिळते, म्हणून बहुतेकांचे निभते.

घरच्या कुत्र्यावरून खाऊ घालण्याची सवय गल्लीतल्या कुत्र्यांपर्यंत पोचते, आणि तिथे खरी कसोटी लागते. दुसऱ्याच्या दारात बिस्किटे टाकणाऱ्याच्या दातृत्वाचा खर्च शेजाऱ्याच्या माथी पडतो. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी त्यासाठी सोसायटीत खाऊ घालण्याची जागा ठरवायला सांगितले आहे: मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारांपासून दूर. वेळही ठरवायची आणि नंतर जागा स्वच्छ ठेवायची.