फुकटच्या गप्पा, विकतची इंटर्नशिप

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पोरं दिवसभर कट्ट्यावर बसून टाइमपास करतात, ही तक्रार प्राध्यापकांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली आहे, की एकदा तिचा समाचार घ्यायलाच हवा. माझ्या मते चार वर्षांत या पोरांच्या हाती जे काही उपयोगाचं लागतं, त्यातलं बरंचसं त्याच कट्ट्यावर लागतं. हे मी कौतुकाने म्हणत नाहीये. ज्या गोष्टी कॉलेजने छापील कागदावर, सगळ्यांना, वेळेत सांगायला हव्यात, त्या गप्पांवर सोडून दिल्या आहेत. आणि गप्पा सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो आणि वर्षातून दोनतीनदा तोंडी परीक्षांना एक्स्टर्नल म्हणून जातो. दोन बॅचेसच्या मधल्या वेळात स्टाफरूममधल्या बिस्किटांपेक्षा मला गेटबाहेरच्या टपरीवरचा चहा बरा वाटतो, त्यामुळे या गप्पा कानावर पडतात. मेसमध्ये आज पुन्हा तीच पातळ आमटी. लॅपटॉपची रॅम आठची सोळा करायला किती लागतील. जर्नल कोणाचं पूर्ण आहे, दे रे. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेला कोड मॅडमना ओळखू येतो का (येतो, पण मॅडमनाही सबमिशनं संपवायची असतात). आणि मग, त्याच दमात, त्याच आवाजात: अमुक कंपनी एक जरी केटी लाइव्ह असेल तर फॉर्मच घेत नाही. तमुक पोर्टलवर पैसे भरू नकोस, नुसतं सर्टिफिकेट देतात. मोठ्या कंपन्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी तिसरं वर्ष सुरू होतं न होतं तोच मुलं निवडतात, मार्चमध्ये शोधायला लागलास तर उरलंसुरलंच मिळतं. गुगल समर ऑफ कोड नावाचा प्रकार २००५ पासून चालू आहे, घरी बसून करता येतो, पैसे मिळतात. पण प्रपोजल भरायच्या आधी काही महिने त्या प्रकल्पात छोटी छोटी कामं करून ओळख करून घ्यावी लागते.

आमटीनंतरची ही प्रत्येक ओळ एखाद्याचं एक वर्ष वाचवू शकते. यातली एकही मी कुठल्या नोटीस बोर्डावर वाचलेली नाही. बोर्डावर असतं ते एवढंच: विद्यार्थ्यांनी इंटर्नशिपचे प्रमाणपत्र व अहवाल दिलेल्या तारखेपर्यंत जमा करावा, अन्यथा टर्मवर्क ग्राह्य धरले जाणार नाही.

आता ही इंटर्नशिप आली कुठून? एआयसीटीईने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात तिला क्रेडिट दिले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात तिला ४ क्रेडिट आहेत. कल्पनेत काही वाईट नाही. वर्गात शिकलेलं आणि प्रत्यक्षातलं काम यांत किती अंतर आहे हे मी रोज बघतो. पण या व्यवस्थेत सक्ती झाली ती विद्यार्थ्यावर. जागा उपलब्ध करून देण्याची सक्ती कोणत्याही कंपनीवर नाही, आणि कॉलेजनेही 'विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावी' असं म्हणून हात झटकले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हापासून ती जिथे जमीन होती तिथे उभी राहिली: शहराबाहेर, माळरानावर, साखर कारखान्याशेजारी. जिथे कॉलेज आहे तिथे कंपनी असेलच असं नाही, आणि आसपासच्या शेकडो पोरांना एकाच सुट्टीत सामावून घेईल इतक्या कंपन्या तर नाहीतच. नियम आहे, जागा नाही. अशा ठिकाणी बाजार भरणारच.

तो भरला आहे. काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत 'व्हर्च्युअल इंटर्नशिप' विकत मिळते. चार टास्क असतात: कॅल्क्युलेटर, टू-डू लिस्ट, लॉगिन पेज, घरांच्या किमतीचा अंदाज. चारही गिटहबवर तयार पडलेले असतात. शेवटी क्यूआर कोड असलेलं रंगीत प्रमाणपत्र येतं. मी समोर बसलेल्या मुलाला विचारतो, तुझा मेंटॉर कोण होता? तो शेजारच्याकडे बघतो. शेजारच्याच्या हातात तेच प्रमाणपत्र, तोच प्रकल्प, फक्त नाव वेगळं. एका बॅचमध्ये सहा जणांनी एकाच घराच्या किमतीचा अंदाज केलेला मी पाहिला आहे, आणि सहाही अंदाज दशांश चिन्हापर्यंत सारखे होते.

यावर स्टाफरूममध्ये हशा पिकतो, 'आजकालची पोरं' म्हणून बोटं मोडली जातात. मला हसू येत नाही. ज्या पोराच्या बापाने फीसाठी कर्ज काढलंय, त्याला आपण सांगतो की कुठूनही कागद आण, नाहीतर तुझे क्रेडिट गेले. तो स्वस्तातला कागद आणतो. यात फसवणूक कोणी सुरू केली? इंटर्नशिप म्हणजे काम शिकताना थोडे पैसे मिळणं, हा अर्थ उलटा करून आपण पैसे देऊन काम न करणं असा केला आहे. १९६१ चा अप्रेंटिस कायदा शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन देणं बंधनकारक करतो. इंटर्न त्यात बसवलाच नाही की सुटका. २०२४ मध्ये केंद्राने पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर केली: ५०० बड्या कंपन्या, पाच वर्षांत एक कोटी तरुण, महिन्याला ५,००० रुपये. म्हणजे शिकणाऱ्या हातांना पैसे द्यायला हवेत हे सरकारला पटलेलं आहे. पण त्या योजनेच्या नियमांत पूर्णवेळ शिक्षण चालू असलेल्याला जागा ठेवली नाही. ज्याच्यावर इंटर्नशिपची सक्ती आहे, नेमका तोच बाहेर.

तर अशा परिस्थितीत खरी इंटर्नशिप मिळते कोणाला? ज्याला वेळेवर कळतं त्याला. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला, तो आजही वाचण्यासारखा आहे. नोकरीची बातमी माणसाला जिवलग मित्राकडून क्वचित मिळते, बहुतेकदा लांबच्या ओळखीतून मिळते, असं त्याला दिसलं. कारण जिवलग मित्राला तेवढंच ठाऊक असतं जेवढं आपल्याला. आपल्याकडे हे तपासायला अमेरिकेत जायला नको. कोथरूडच्या ज्या घरात आई-बाबा दोघं आयटीत आहेत, तिथे या लांबच्या ओळखी दिवाळीच्या फराळाला घरी येतात. चकली खाताखाता 'अरे, रेझ्युमे पाठव की मला' असं सहज बोलून जातात. परभणीकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला असा काका नसतो. त्याला दोन वर्षं पुढचा एक सीनियर असतो, आणि तो भेटतो कट्ट्यावर, नाहीतर रात्री एक वाजता कोणाच्या तरी रूमवर.

आणि त्या रूमवर कोण नसतं? मुली नसतात, त्यांच्या वसतिगृहाचं फाटक संध्याकाळीच बंद होतं, मुलांचं कधी बंद होतं ते विचारू नका. समाजकल्याणच्या वसतिगृहातून येणारा नसतो. ते गावात आहे. पाचची एसटी पकडणारे नसतात. संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात उभा राहून खर्च भागवणारा नसतो. दोन वर्षांपूर्वी एका मुलीची तोंडी परीक्षा घेतली. डेटाबेसवरच्या प्रश्नांना तिच्याइतकी स्वच्छ उत्तरं त्या दिवशी कोणी दिली नव्हती. प्रमाणपत्र मात्र विकतचं. चांगल्या ठिकाणी अर्ज का नाही केलास, असं विचारलं तर म्हणाली, "सर, फॉर्म कधी निघाले तेच कळलं नाही. मी रोज अपडाउन करते."

'सगळं नेटवर आहे की' असं कोणीतरी म्हणेल. आहे. पण शोधायला आधी शब्द लागतो. ऑफ-कॅम्पस, रेफरल, पीपीओ हे शब्द ज्याच्या घरी कोणी उच्चारले नाहीत, त्याने सर्चमध्ये टाइप काय करायचं? शिवाय तिथे दहा व्हिडिओ दहा गोष्टी सांगतात आणि त्यातले आठ शेवटी कोर्स विकतात. गप्पांमध्येही अफवा असतातच: सी प्लस प्लस येत नसेल तर निवड होत नाही, एआय आल्यामुळे फ्रेशर घेणंच बंद झालंय, मराठी माध्यमाच्या मुलांना एचआर गाळतो. अधिकृत माहिती नसली की अफवांनाच नोटिशीचा दर्जा येतो.

जाता जाता आणखी एक. एआयसीटीईने २०२१-२२ पासून मराठीसकट काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, त्यावर बरेच परिसंवाद झाले. टपरीवर ते शिक्षण कधीचं चालू आहे. रिकर्शन समजत नसलेल्या मित्राला एक जण सांगत होता: "पंगत समज. शेवटच्याचं जेवण झाल्याशिवाय पहिला उठत नाही. शेवटचा आधी मोकळा होतो, मग त्याच्या अलीकडचा, असं करत पहिल्यापर्यंत यायचं." याहून चांगलं मी स्लाइडवर वाचलेलं नाही. आणि हा मुलगा वर्गात इंग्रजीच्या भीतीने तोंड उघडत नाही, असं त्याच्याच सरांनी मला सांगितलं.

मागण्या फार नाहीत. ज्या इंटर्नशिपसाठी विद्यार्थ्याने पैसे भरले, ती कॉलेजने ग्राह्य धरू नये. जितक्या जागा कॉलेज मिळवून देऊ शकत नाही, तितक्या विद्यार्थ्यांना कॉलेजमध्येच खरं काम द्यावं. कॉलेजची हजेरीची, ग्रंथालयाची, बसपासची सॉफ्टवेअरं रडतखडत चाललेली असतात, ती दुरुस्त करायला घ्या. सीनियर आणि ज्युनिअर यांची बैठक वेळापत्रकात टाका, दुपारी, शेवटच्या एसटीच्या आधी. आणि दरवर्षी जुलैत एक कागद लावा, मराठीत आणि इंग्रजीत: गेल्या वर्षी कोण कुठे गेलं, अर्ज कधी केला, ओळख कोणाची होती, किती पैसे मिळाले, किती भरावे लागले.

हा शेवटचा मुद्दा मी एका ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकाऱ्यांसमोर मांडला. गृहस्थ भले आहेत, मुलांसाठी धावपळही करतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे हो. पण असा कागद लावला तर आमच्या पुढच्या वर्षीच्या अ‍ॅडमिशनचं काय?"